इंकांचे राज्य कसे बुडाले आणि काय उरले?



शाळेत आपण सर्वांनी 'अमेरिकेचा शोध' हा धडा वाचला आहे. सन १४९२ मध्ये कोलंबसाने अमेरिका शोधली, हे वाक्य आपल्या मुलांनाही पाठ असते. पण शोध कशाचा लागतो? जे कुणालाच माहीत नाही त्याचा. ज्या भूमीवर हजारो वर्षे कोट्यवधी माणसे राहत होती, शेती करीत होती, नगरे वसवीत होती, ती भूमी त्यांच्या लेखी हरवलेली नव्हती. 'शोध' हा शब्द जहाजातून उतरणाऱ्याचा आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्याला विचारले असते, तर त्याने निराळाच शब्द वापरला असता. आज त्या किनाऱ्यावरच्या माणसांची, दक्षिण अमेरिकेतील इंका राज्याची आणि त्याच्या प्रजेची हकिकत आपण पाहू.

इंका हे मुळात राजाचे व राजघराण्याचे नाव. राज्याचे नाव होते तावांतिनसुयु, म्हणजे 'एकत्र असलेले चार प्रदेश'. अँडीज पर्वताच्या आधाराने आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर लांबीचे हे राज्य पसरले होते. राजधानी कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे अकरा हजार फूट उंचीवर होती. प्रजेची संख्या एक कोटीच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. आणि हा सारा विस्तार झाला तो साधारण सन १४३८ पासून पुढच्या शंभर वर्षांच्या आत.

या लोकांजवळ लोखंड नव्हते, घोडा नव्हता, गाडीचे चाक नव्हते, आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपीही नव्हती. तरी त्यांनी तीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते बांधले. दऱ्यांवर गवताच्या दोरखंडांचे झुलते पूल टाकले. त्यांपैकी केस्वाचाका नावाचा एक पूल आजही दरवर्षी जून महिन्यात आसपासच्या गावांतील लोक नव्याने विणतात. बायका गवताच्या दोऱ्या वळतात, पुरुष त्यांचा पूल गुंफतात. रस्त्यावर ठरावीक अंतराने धावपटू बसलेले असत. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा, अशी त्यांची टपाल व्यवस्था होती.

आमच्या भगिनींना त्यांच्या स्वयंपाकघराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बटाटा हे पीक या डोंगरी माणसांनी जगाला दिले. त्याच्या हजारो जाती तेथे आजही आहेत. हा बटाटा टिकवायचा कसा? रात्रीच्या कडक थंडीत तो उघड्यावर पसरायचा, गोठला की दिवसा पायांनी तुडवून त्यातले पाणी काढायचे, मग उन्हात वाळवायचा. या वाळवणाला ते चुन्यो म्हणत. आपल्याकडे उन्हाळ्यात बटाट्याचा कीस वाळवतात, त्याचीच ही फार जुनी बहीण. चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो. असे वाळवण, मका, लोकर आणि कापड यांनी भरलेली सरकारी कोठारे राज्यभर होती. सैन्याला, सरकारी कामावरील माणसांना आणि दुष्काळात गावांना त्यांतून पुरवठा होई.

या कोठारांचा हिशेब ठेवला जाई दोऱ्यांच्या गाठींत. एका जाड दोऱ्याला अनेक रंगीत दोऱ्या लोंबत सोडलेल्या आणि प्रत्येक दोरीवर गाठी. गाठ कोणत्या प्रकारची आणि किती उंचीवर आहे, यावरून एकं, दहं, शतं ठरे. जिथे गाठ नाही तिथे शून्य. याला क्विपू म्हणत. जनगणना, सारा, कोठारातील माल, सारे काही क्विपूत असे. लेलँड लॉक या अमेरिकन गणिततज्ज्ञाने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गाठींमागची दशमान रीत उलगडून दाखविली. ज्यांना 'अडाणी' म्हणून हिणवले गेले, त्यांचे गणित इतके पक्के होते.

म्हणून इंकांचे राज्य म्हणजे समतेचे राज्य होते, असे मात्र कुणी समजू नये. त्यांचा राजा स्वतःला सूर्याचा पुत्र म्हणवून घेत असे. देवाशी नाते सांगून माणसांवर सत्ता गाजवण्याची ही युक्ती जगात सगळीकडे सारखीच आहे. उत्तम विणीचे वस्त्र सामान्य माणसाला राजाच्या कृपेशिवाय अंगावर घालता येत नसे. जिंकलेल्या जमातींना गावेच्या गावे उठवून दूर नेऊन वसवले जाई. मुली निवडून राज्याच्या सेवेसाठी नेल्या जात. पर्वतांना मुलांचे बळी दिले जात. १९९९ मध्ये अर्जेंटिनातील युयायाको शिखरावर बर्फात गोठलेले तीन मुलांचे देह सापडले. ते पाहून कोणाच्याही मनाला वेदना व्हाव्यात. तेव्हा जुने ते सारे सोने, असा गौरव करण्याचे कारण नाही.

तरीही एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. प्रत्येक कुटुंब आपल्या गावकीचा, म्हणजे आय्यूचा भाग असे. गावकीकडून त्याला कसायला जमीन मिळे. विधवा व आजारी यांचे शेत गावाने कसून द्यायचे, असा रिवाज जुन्या बखरकारांनी नोंदवला आहे. राज्य प्रजेकडून पाळीपाळीने श्रम घेई, त्याला मिता म्हणत. पण कामावरच्या माणसाला राज्य खाऊ-पिऊ घाली. हा मिता शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काय झाले ते पाहायचे आहे.

आता मुख्य प्रश्न. सन १५३२ मध्ये फ्रान्सिस्को पिझारो हा स्पॅनिश सरदार अवघी १६८ माणसे घेऊन काहामार्का या गावी पोहोचला. त्यांपैकी ६२ घोडेस्वार. एवढ्याशा टोळीपुढे एक कोटीचे राज्य कसे कोसळले?

स्पॅनिश माणसे पोहोचण्यापूर्वीच त्यांचे रोग पोहोचले होते, हे पहिले कारण. देवीचा रोग अमेरिकेत पूर्वी नव्हता. तेथील माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद नव्हती. हुआयना कापाक हा इंका राजा सन १५२७ च्या सुमारास मरण पावला, तो याच साथीत, असे अनेक इतिहासकार मानतात. मग त्याच्या दोन मुलांत, हुआस्कार व आताहुआल्पा यांच्यात, गादीसाठी युद्ध पेटले. हजारो माणसे आपसात लढून मेली. आताहुआल्पा जिंकला आणि नेमक्या त्याच वेळी पिझारो येऊन ठेपला.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी आताहुआल्पा हजारो सेवकांसह काहामार्काच्या चौकात भेटीला आला. त्यांतील बहुतेकांजवळ शस्त्रे नव्हती. व्हिन्सेन्ते दे वाल्व्हेर्दे नावाचा धर्मगुरू पुढे झाला. आमचा देव आणि आमचा राजा मान्य कर, असे त्याने दुभाष्यामार्फत सांगितले आणि हातातला धर्मग्रंथ पुढे केला. आताहुआल्पाने तो उलटसुलट पाहून जमिनीवर टाकला. एवढे निमित्त पुरले. लपवून ठेवलेल्या तोफा धडाडल्या, घोडेस्वार गर्दीत घुसले. संध्याकाळपर्यंत काही हजार माणसे कापली गेली. स्पॅनिशांचा एकही माणूस मेला नाही. राजा कैद झाला.

सुटकेसाठी राजाने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देण्याचे कबूल केले. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मूर्ती, भांडी, दागिने, मंदिरांचे पत्रे येऊ लागले. भट्ट्या पेटल्या. सुमारे सहा टन सोने आणि सुमारे बारा टन चांदी वितळवून विटा पाडल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांचे हात त्या भट्टीत गेले. खंडणी मिळाली, पण राजा सुटला नाही. जुलै १५३३ मध्ये त्याला ठार मारण्यात आले. जिवंत जाळणार होते. बाप्तिस्मा घेतल्यावर 'दया' म्हणून गळा आवळला.

दुसरे कारण आपल्याला अधिक विचार करायला लावणारे आहे. पिझारो १६८ माणसांच्या बळावर टिकला नाही. कान्यारी, हुआंका, चाचापोया अशा ज्या जमातींना इंकांनी दडपले होते, त्यांनी त्याला माणसे, धान्य आणि ओझी वाहणारे दिले. राजसत्तेने ज्यांना कधी आपले मानले नाही, ते तिच्या संकटात तिच्यासाठी का लढावेत? दडपलेल्या प्रजेच्या खांद्यावर उभे असलेले राज्य बाहेरून कितीही भक्कम दिसले, तरी आतून पोकळ असते. पण या जमातींची आशाही खोटी ठरली. मालक बदलला, जाच वाढला. हुआंकांच्या प्रमुखांनी तर स्पॅनिशांना आपण काय काय दिले, किती धान्य, किती लामा, किती माणसे, याचा हिशेब क्विपूत बांधून ठेवला होता. सन १५५८ ते १५६१ च्या सुमारास त्यांनी तो लिमाच्या न्यायालयात सादर केला. न्यायालयानेही तो हिशेब नोंदवून घेतला. गाठींच्या दोऱ्या पुरावा म्हणून उभ्या राहिल्या, ही गोष्ट किती बोलकी आहे!

पुढे काय झाले? सन १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. सन १५७३ पासून व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने इंकांचा तोच जुना मिता शब्द उचलला आणि त्यात नवे विष भरले. सोळा प्रांतांनी आपल्या प्रौढ पुरुषांचा सातवा हिस्सा दरवर्षी खाणीत पाठवायचा, असा हुकूम निघाला. दरवर्षी सुमारे तेरा हजारांवर माणसे. तेरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, डोंगराच्या पोटात, पाठीवर खनिजाचे ओझे घेऊन चामड्याच्या शिड्या चढायच्या. हुआंकाव्हेलिकाच्या खाणीतील पाऱ्याची वाफ फुप्फुसात जायची ती वेगळीच. पूर्वी मिताच्या बदल्यात अन्न व कोठाराचा आधार होता. आता मजुरी इतकी तुटपुंजी, की पोट भरायला बायका-मुलांनाही सोबत यावे लागे. अनेक गावे पाठवणीच्या भीतीने ओस पडली. ही सक्ती कायद्याने उठायला सन १८१२ उजाडावे लागले.

नोबल डेव्हिड कुक या इतिहासकाराच्या अंदाजाप्रमाणे पेरूच्या भूमीवर सन १५२० मध्ये सुमारे नव्वद लाख माणसे होती. सन १६२० मध्ये त्यांपैकी सहा लाखांच्या आसपास उरली. शंभर माणसांच्या गावात सहा-सात माणसे शिल्लक राहावीत, असा हा हिशेब आहे. यात साथीच्या रोगांचा वाटा सर्वांत मोठा. परंतु उपाशी, थकलेल्या, गावातून उठवलेल्या माणसाला रोग लवकर गाठतो, हेही तितकेच खरे.

याच काळात स्पेनमध्ये विद्वानांची एक सभा भरली होती. सन १५५० मध्ये वायादोलिद शहरात सेपुलव्हेदा नावाच्या पंडिताने प्रतिपादन केले, की हे लोक निसर्गतःच गुलामीसाठी जन्मले आहेत, म्हणून त्यांच्यावर युद्ध करणे न्याय्य आहे. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने त्याचे खंडन केले. स्वतः त्या भूमीवर राहून, अत्याचार डोळ्यांनी पाहून आलेला हा माणूस होता. आमच्या वाचकांना या वादात नवे काही वाटणार नाही. जन्मानेच कुणी हलका असतो, हा सिद्धांत कोणत्याही देशात ग्रंथाच्या आधाराने मांडता येतो, आणि तो मांडणाऱ्याचा पोटापाण्याचा हितसंबंध त्यामागे नेहमीच दडलेला असतो. सभेत ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्यांच्यापैकी मात्र कुणालाही तेथे बोलावले नव्हते.

सोने गेले, श्रम गेले. तिसरा घाला आठवणीवर पडला. पूर्वजांचे जतन केलेले देह जाळण्यात आले. पूजेच्या जागा फोडून त्यांवर चर्च उभी राहिली. कुस्कोमध्ये सूर्यमंदिराच्या दगडी पायावर सांतो दोमिंगोचा मठ आजही उभा आहे. भूकंपात वरचे बांधकाम कोसळले, खालचे इंका दगड हलले नाहीत. सन १५८३ मध्ये लिमाच्या धर्मसभेने जुन्या धर्माशी संबंधित क्विपू नष्ट करण्याचे फर्मान काढले. आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम हजारभर क्विपू उरले आहेत. आकडे वाचता येतात, पण ज्यांत कथा व इतिहास बांधला असावा, अशा गाठी अजून कुणाला वाचता आलेल्या नाहीत.

पण याच अंधारात एका माणसाने लेखणी उचलली. त्याचे नाव फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला. मूळ रहिवाशांतील हा माणूस स्पॅनिश शिकलेला होता. आपल्या जमिनीसाठी त्याने न्यायालयात दावा लावला. तो तर फेटाळला गेलाच, उलट सन १६०० मध्ये त्यालाच दोनशे फटके आणि दोन वर्षांची हद्दपारी फर्मावली गेली. त्यानंतर त्याने स्पेनच्या राजाला पत्र लिहायला घेतले. ते सन १६१५ च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा सुमारे बाराशे पानांचे झाले होते! त्यात जवळजवळ चारशे चित्रे त्याने स्वतः काढली. इंकांच्या काळी कोणत्या महिन्यात शेतात काय काम चाले, लहान मुले व म्हाताऱ्या बायका काय काम करीत, गाठींचा हिशेबनीस कसा दिसे, हे त्यात आहे. विणकाम करणाऱ्या बाईला मारणारा धर्मगुरू आणि प्रजेला लुबाडणारा अंमलदार हेही त्यात आहेत. राजाने ते वाचल्याची काही खूण नाही. ते हस्तलिखित तीनशे वर्षे पडून राहिले आणि १९०८ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडले. आज तोच ग्रंथ त्या लोकांच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. त्याला फटके मारवणाऱ्यांचे नाव आज कोण घेतो?

सन १७८० मध्ये खोसे गाब्रिएल कोन्दोर्कान्की याने तुपाक आमारू दुसरा हे नाव धारण करून उठाव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. या उठावाचा कणा होती त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास. माणसे जमवणे, दाणागोटा व शस्त्रे पुरवणे, हेर ठेवणे, पत्रव्यवहार सांभाळणे, हे सारे तिच्याकडे होते. वेळ न दवडता कुस्कोवर चालून जा, असे ती नवऱ्याला पत्रांतून बजावीत होती. तो थांबला आणि संधी गेली. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात तिला, तिच्या मोठ्या मुलाला आणि तिच्या नवऱ्याला क्रूरपणे ठार करण्यात आले. शिक्षा एवढ्यावर थांबली नाही. निकालपत्रात केचुआ भाषा, इंका पोशाख, पूर्वजांची चित्रे, जुनी नाटके या सर्वांवर बंदी घालण्यात आली. मेलेल्या माणसांपेक्षा जिवंत आठवणीची सत्तेला अधिक भीती वाटते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

सन १८२१ मध्ये पेरूचे स्वातंत्र्य जाहीर झाले. स्पेनचा झेंडा उतरला, परंतु जमीन जमीनदारांकडेच राहिली. १९६९ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा आला. १९७५ मध्ये केचुआ ही स्पॅनिशबरोबर राज्यभाषा म्हणून मान्य झाली. मतदानाला साक्षरतेची अट असल्यामुळे लक्षावधी केचुआ भाषकांना मतच नव्हते. ती अट १९७९ च्या राज्यघटनेने काढली. आपल्या देशात शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला, धनिकाला आणि मजुराला १९५० च्या राज्यघटनेने एकाच दिवशी एकच मत दिले. ही गोष्ट किती मोठी होती, ते पेरूकडे पाहिले म्हणजे कळते.

आणि तरीही जखम भरलेली नाही. १९८० ते २००० या काळात पेरूमध्ये बंडखोर व लष्कर यांच्या कचाट्यात सापडून जवळजवळ सत्तर हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, असा अंदाज तेथील सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये दिला. बळी पडलेल्या दर चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी मूळ भाषा होती. एवढी माणसे नाहीशी होत असताना राजधानीतील सुखवस्तू समाजाला त्याचा पत्ता लागला नाही, असेही आयोगाने खेदाने नमूद केले. जे मेले ते 'आपले' वाटत नव्हते, दुसरे काय?

मग उरले काय? उरली आहेत माणसे. केचुआ बोलणारे आज ऐंशी लाखांच्या आसपास लोक आहेत. बोलिव्हियात जानेवारी २००६ मध्ये एव्हो मोरालेस हा आयमारा समाजातील माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. आणि त्या डोंगरातले काही ना काही आपल्याही घरात येऊन पोहोचले आहे. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. अमेरिकेच्या खाणीतील चांदी युरोपच्या व्यापाऱ्यांमार्फत सुरतेच्या बंदरात उतरत होती आणि तिचे मोगली रुपये पाडले जात होते. हिवतापावरील क्विनाइन ज्या सिंकोनाच्या सालीपासून निघते, ते झाड अँडीजच्या उतारावरचे. इंग्रजांनी सन १८६० च्या सुमारास त्याची रोपे निलगिरीत आणून लावली. जगाने त्यांचे पीक घेतले, चांदी घेतली, औषध घेतले. त्यांचे नाव तेवढे घ्यायचे राहिले.

वाचकहो, या हकिकतीतून मला एकच गोष्ट आपल्या पदरात घालायची आहे. इंकांचे सोने परत येणार नाही. जाळलेल्या गाठीही परत येणार नाहीत. पण ग्वामान पोमाने लिहिले, म्हणून ते उरले. आपल्या घरात आजी-आजोबा आहेत. त्यांनी कोणत्या गावातून कधी स्थलांतर केले, कोणते काम केले, शाळेची पायरी पहिल्यांदा कोण चढले, पाण्यासाठी, जमिनीसाठी कोण भांडले, हे त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. ते गेले की तेही जाईल. मुलांच्या हाती शंभर पानी वही द्या आणि रविवारी तासभर आजीजवळ बसवा. नावे, गावे, साल जसे आठवेल तसे लिहून घ्यायला सांगा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. ग्वामान पोमाची स्पॅनिशही अशुद्धच होती, असे पंडित म्हणतात.